दवाखान्याचे कागद, गुगल आणि आपला युक्तिवाद: नवीन ज्युनिअर वकिलांसाठी

परवा ऑफिसला नवीन आलेल्या ज्युनिअरने मोटार अपघाताच्या क्लेमचा लेखी युक्तिवाद लिहून आणला. खरं तर चांगला लिहिला होता, भाषा स्वच्छ, निशाण्या (म्हणजे पुराव्याच्या कागदांना कोर्टात पडलेले नंबर) बरोबर, पण तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, 'दाखल करतेवेळी अर्जदाराचा जीसीएस १५ इतका जास्त होता, यावरून मेंदूस झालेल्या इजेचे गांभीर्य लक्षात येते.' मी विचारलं हे कुठून आणलंस, तर म्हणाला सर गुगलवर बघितलं, १५ हा सगळ्यात वरचा आकडा आहे. आता गंमत अशी की ते बरोबरच आहे, १५ हा वरचाच आकडा आहे, फक्त जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, माणूस किती शुद्धीत आहे ते मोजायची पट्टी, आणि त्यात १५ म्हणजे माणूस टक्क जागा, डोळे उघडे, विचारलं तर नाव गाव सांगतोय, हात वर करा म्हटलं तर करतोय. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मधे काढलेली ही मोजपट्टी ३ पासून सुरू होते आणि १५ ला संपते, १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा खाली गंभीर. म्हणजे आमच्या पोराने आमच्याच अशिलाला काही झालं नव्हतं असं आमच्याच युक्तिवादात लिहून दिलं होतं, आणि विमा कंपनीच्या वकिलाने ते वाक्य चौकटीत घालून कोर्टाला वाचून दाखवलं असतं.

माहिती खोटी नव्हती, अर्धी होती. नेटवरच्या मेडिकल माहितीत आपले लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, दरवेळी नवीन पोराला चहा पाजून सांगायला नको. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नेटवरची माहिती आपल्याला डॉक्टरला योग्य प्रश्न विचारण्यासाठी हवी असते, डॉक्टरच्या जागी उभं करायला नाही. बाकी जे काही खाली लिहिलंय ते यातूनच येतं.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

क्लायंट येतो तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड असतं, दोन एक्स-रे असतात (एक हमखास दुमडलेला) आणि औषधांची बिलं. एवढ्यावर गुगल उघडू नका. आधी इनडोअर पेपर मागवा, म्हणजे भरती असतानाचे रोजचे कागद, नर्सिंगच्या नोंदी, भूल देणाऱ्याच्या नोंदी, ऑपरेशन नोट, संमतीपत्र. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं, आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचं. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि ३ वर्षं उलटायच्या आत द्या, कारण नंतर 'रेकॉर्ड नष्ट केलं' असं उत्तर आलं तर तुमच्या हातात फार काही राहत नाही.

कागद आले की शॉर्टफॉर्म. हे शिकल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि कुठल्या कॉलेजात शिकवतही नाहीत. हॅशचं चिन्ह म्हणजे फ्रॅक्चर, फोनच्या बटणांवर असतं तेच. 'सी/ओ' म्हणजे पेशंटची तक्रार, 'एच/ओ' म्हणजे पूर्वीची हकीकत, 'के/सी/ओ' म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, बहुतेक वेळा त्यापुढे शुगर नाहीतर बीपी लिहिलेलं असतं. 'आरटीए' म्हणजे रस्ता अपघात. 'एलओसी' म्हणजे शुद्ध हरपली होती का. 'ईएनटी ब्लीड' म्हणजे कान नाक घशातून रक्त. 'एनएडी' म्हणजे तपासलं, काही सापडलं नाही. 'डामा' किंवा 'लामा' म्हणजे डॉक्टरचा सल्ला न मानता पेशंट घरी गेला, हे दिसलं की क्लायंटला लगेच खोदून विचारा कारण समोरचा त्यावरच उभा राहणार आहे. आणि 'एच/ओ' च्या पुढे अल्कोहोल असेल तर त्याच्या आधी छोटंसं 'नो' आहे की नाही हे भिंगातून बघा. मी पहिल्या वर्षी एका केसमधे ते 'नो' वाचलंच नव्हतं, आणि दोन तारखा आमचा माणूस दारू प्यायलेला होता असं गृहीत धरून तडजोडीची बोलणी करत होतो. सिनिअरांनी ओरिजिनल मागवून बघितलं तेव्हा कळलं, त्यानंतर आठवडाभर मला ऑफिसात नुसतं 'नो' म्हणून हाक मारायचे.

मग तारखेप्रमाणे एक टाचण बनवा, वहीत चाललं तरी चालेल. किती वाजता अपघात, किती वाजता दवाखाना, कोणी काय लिहिलं, कोणती तपासणी, कधी ऑपरेशन. मेडिकल केसमधला निम्मा युक्तिवाद या टाचणातच सापडतो, नेटची गरजच पडत नाही.

एका वेळी एकच प्रश्न

आता कॉम्प्युटर उघडा, पण आधी कागदावर प्रश्न लिहा. 'फीमर फ्रॅक्चर' हा प्रश्न नाही, तो एक महासागर आहे. प्रश्न असा हवा: मांडीच्या हाडात रॉड टाकला, नऊ महिने झाले, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसत नाही, याला काय म्हणतात, कशामुळे होतं आणि पुढे काय करावं लागतं. मग शोधल्यावर पाच मिनिटांत कळतं की याला नॉनयुनियन म्हणतात, की साधारण नऊ महिने उलटलेत आणि शेवटच्या तीन महिन्यांत जुळण्याची काही प्रगती नाही अशी त्याची एक खूप वापरली जाणारी व्याख्या आहे, आणि जंतुसंसर्ग, उघडं फ्रॅक्चर, शुगर, तंबाखू विडी सिगारेट यांनी धोका वाढतो.

बघा, शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत. त्या वाचूनच पान बंद करू नका, उलट तिथे थांबा. क्लायंटला बोलावून विचारा तंबाखू खातोस का, किती वर्षं, शुगर आहे का. समोरच्या वकिलालाही तेच पान सापडणार आहे, त्याच्याकडेही मोबाईल आहे.

कुठे बघायचं

मी तरी सोप्याकडून अवघडाकडे जातो. आजार मुळात काय आहे हे कळायला मेडलाइनप्लस, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची साइट आहे, सामान्य माणसासाठी लिहिलेली, जाहिराती नाहीत, काही विकत नाहीत. हाडांच्या केसला एओ सर्जरी रेफरन्स, फुकट आहे, कुठलं फ्रॅक्चर कसं बसवतात याची चित्रं आहेत, डॉक्टरचा सरतपास (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूने विचारलेले प्रश्न) घ्यायच्या आधी ती चित्रं बघितली की निम्मी भीती जाते. एक्स-रे, सिटी स्कॅन कसे दिसतात ते बघायला रेडिओपीडिया. औषधांसाठी नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया आणि खुद्द औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरातली घडी. ती घडी फेकू नका हे क्लायंटलाही सांगा, डोस किती आणि किती वेळाने हे कंपनीनेच तिथे लिहिलेलं असतं. आपल्याकडे कुठल्या आजाराला काय उपचार अपेक्षित आहेत यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो म्हणून एकेका पानाची कागदं आहेत, तालुक्याच्या दवाखान्यात काय करायचं आणि पुढे कधी पाठवायचं हेही त्यात असतं, ग्रामीण भागातल्या केसला ती फार कामाची कारण अमेरिकेतल्या हॉस्पिटलचं मोजमाप आपल्या पीएचसीला लावलं तर कोर्ट हसतं.

मग खरा खजिना पबमेड. १९९६ पासून आहे, फुकट आहे, तीन कोटींहून जास्त मेडिकल लेखांच्या नोंदी आहेत. पण तिथे सगळा लेख मिळेलच असं नाही, बऱ्याचदा नुसता गोषवारा मिळतो. डाव्या बाजूला फुकट पूर्ण लेखाचा फिल्टर आहे तो लावा. आपल्याकडची चांगली मासिकंही नेटवर आहेत, मुंबईच्या केईएम हॉस्पिटल आणि शेठ जीएस मेडिकल कॉलेजचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून निघतंय आणि फुकट वाचता येतं. भारतीय पेशंटवरचा भारतीय डॉक्टरांचा लेख हातात असला की कोर्टाला तो जवळचा वाटतो, हा माझा अनुभव.

विकिपीडिया? वाचा, बिनधास्त वाचा, मीही वाचतो, पण युक्तिवादात लिहू नका. सुप्रीम कोर्टाने एसर इंडियाच्या कस्टमच्या निकालातच सांगितलं होतं की तिथे कोणीही माहिती भरू शकतं, आणि २०२३ च्या जानेवारीत ह्यूलेट पॅकार्डच्या निकालात परत बजावलं की लोकांनी मिळून लिहिलेल्या अशा साइटवर कायदेशीर वाद सोडवताना विसंबू नका. दोन्ही केसेस कॉम्प्युटरवरच्या ड्युटीच्या होत्या, तिथे एवढं असेल तर माणसाच्या मेंदूबद्दल काय असेल. विकिपीडियाच्या पानाखाली जे संदर्भ दिलेले असतात तिथे जा आणि मूळ लेख उघडा, तेवढाच त्याचा उपयोग.

हॉस्पिटलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचं 'आमच्याकडे ९९ टक्के यश' हे मात्र जरूर सेव्ह करा, पण ते मेडिकल माहिती म्हणून नाही, ते त्यांचं स्वतःचं म्हणणं म्हणून. पुढे कामाला येतं.

पबमेडवर शोधायची पद्धत

मराठीत विचार करून शब्द टाकलेत तर काही मिळत नाही हे उघड आहे, पण साध्या इंग्रजीतही मिळत नाही. 'पाय मोडणे' च्या इंग्रजीऐवजी डॉक्टरने कार्डावर जो शब्द लिहिलाय तोच टाका. दोन तीन शब्द एकत्र हवे असतील तर अवतरणचिन्हात टाका, 'अँड' आणि 'ऑर' कॅपिटलमधे. पाचशे लेख आले तर वरचे पाच वाचायचे नाहीत, फिल्टरमधे 'रिव्ह्यू' आणि 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' निवडायचं, म्हणजे आधीचे अभ्यास गोळा करून कोणीतरी निष्कर्ष काढलेला असतो. एक चांगला लेख सापडला की खाली 'सिमिलर आर्टिकल्स' आणि 'साइटेड बाय' असतं, तिथून दोरा धरून जा. प्रत्येक लेखाला एक पीएमआयडी नंबर असतो, तो वहीत लिहा, लिंक नाही. लिंका मरतात, नंबर राहतो.

लेख वाचताना

एका पेशंटची गोष्ट सांगणारा लेख म्हणजे केस रिपोर्ट. आपल्या वकील मंडळींना तो फार आवडतो, कारण आपल्या केससारखा दिसतो. पण डॉक्टर लोक केस रिपोर्ट छापतातच मुळी अशासाठी की ती गोष्ट दुर्मिळ आहे. म्हणजे तुम्ही 'हे असं होतं' सिद्ध करायला जो कागद दाखवताय तोच कागद 'हे सहसा होत नाही' असं म्हणतोय. अनेक पेशंटवरचा अभ्यास त्याच्या वर, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेली चाचणी त्याच्या वर, आणि अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा सगळ्यात वर, ही उतरंड डोक्यात ठेवा.

नुसता गोषवारा वाचून लिहू नका. अभ्यासात कोण पेशंट होते ते आत असतं. तुमची अर्जदार ५८ वर्षांची शेतमजूर बाई आणि अभ्यास विशीतल्या फुटबॉल खेळाडूंवर, तर समोरचा डॉक्टर एका वाक्यात तुमचा लेख गुंडाळून ठेवेल.

मागे घेतलेला लेख तर अजिबात नको. लस आणि ऑटिझमचा संबंध सांगणारा लॅन्सेटमधला १९९८ चा लेख २०१० मधे मागे घेतला गेला, तरी आजही व्हॉट्सॲपवर फिरतो. पबमेडवर मागे घेतलेल्या लेखाच्या वर ठळक सूचना असते, म्हणून कुठूनही लेख मिळाला तरी शेवटी पबमेडवर त्याचं पान उघडून बघायचंच. आणि पैसे घेऊन काहीही छापणारी मासिकं आहेत, भरपूर आहेत. २०१३ मधे सायन्सच्या एका पत्रकाराने मुद्दाम चुकांनी भरलेला खोटा लेख ३०४ मासिकांना पाठवला, १५७ मासिकांनी तो स्वीकारला. म्हणून मासिकाचं नाव भारदस्त आहे एवढ्यावर जाऊ नका, 'इंटरनॅशनल' तर कोणीही लावतं, आपल्या गल्लीतल्या सलूनलाही आहे.

आणि तारीख! नवीन लोक हे विसरतातच. उपचार २०१६ चा आणि तुम्ही २०२३ ची गाइडलाइन लावताय, तर डॉक्टरवर अन्याय आहे आणि कोर्ट ते मानणारही नाही. इंग्लंडमधली रो ची केस वाचा, १९४७ मधे पाठीत भूल दिलेले दोन पेशंट कमरेखाली लुळे पडले, कारण इंजेक्शनच्या काचेच्या कुपीला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा होत्या आणि कुपी ज्या फिनॉलमधे ठेवलेल्या ते आत झिरपलं. १९५४ मधे निकाल देताना न्यायमूर्ती डेनिंग म्हणाले की १९४७ च्या अपघाताकडे १९५४ च्या चष्म्यातून बघता येणार नाही. म्हणून लेखाची तारीख उपचाराच्या आधीची हवी. वेबसाइट असेल तर त्या काळात त्या पानावर काय होतं ते वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या साइटवर बघा, कारण साइटवाले मजकूर गुपचूप बदलतात.

लिहायचं कसं

इथे जरा वेळ देतो कारण चुका इथेच होतात. आधी वाईट नमुना: 'इंटरनेटवर उपलब्ध वैद्यकीय माहितीनुसार अशा रुग्णांना आयुष्यभर त्रास होतो, सबब अर्जदारास कायमस्वरूपी अपंगत्व आले आहे.' हे वाक्य कोर्टात दोन मिनिटंही टिकत नाही. कुठली माहिती, कोणाला त्रास, किती, आमच्या माणसाला झालाय का, काहीच नाही.

आता असं लिहा: 'अर्जदाराच्या उजव्या मांडीच्या हाडाचा अस्थिभंग झाला (निशाणी ३२, पान ४). त्याच रात्री रॉड बसवण्यात आला (पान ११). नऊ महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये हाड जुळलेले नाही (निशाणी ३५). अशा परिस्थितीत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सरतपासात सांगितले असून उलटतपासात ते मोडलेले नाही (निशाणी ४१, परिच्छेद ९). अर्जदार ट्रकचालक होता.' बघा यात नेट कुठेच नाही. नेटवरून जे शिकलो ते डॉक्टरच्या तोंडून आलंय, कारण तो प्रश्न विचारायचा हे आपल्याला नेटने शिकवलं. वाटलंच तर शेवटी एका ओळीत लेखाचा संदर्भ, आणि तोही डॉक्टरला दाखवलेला असेल तरच.

शेवटचं वाक्य ट्रकचालकाचं का टाकलं? टक्केवारीमुळे. अपंगत्वाच्या दाखल्यावर ४५ टक्के लिहिलं असेल तर ते पायाचं आहे की सगळ्या शरीराचं हे आधी बघा, कारण पायाचे ४५ म्हणजे शरीराचे ४५ नाहीत. आणि शरीराचे जितके तितकीच कमाई बुडाली असंही नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल (२०११ चा खंड १ एससीसी, पान ३४३) पाठ करा, त्यातलं उदाहरणच आहे की डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल, पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचं नुकसान जवळजवळ शंभर टक्के, आणि सरकारी ऑफिसात कारकून असेल तर कदाचित नोकरी जाणारही नाही. नेटवर पंचवीस लेख वाचण्यापेक्षा या एका निकालातून तुमच्या क्लायंटला जास्त पैसे मिळतात. त्याच निकालात ज्यांनी उपचारच केलेले नाहीत अशा डॉक्टरांच्या तयार दाखल्यांपासून सावध राहायलाही सांगितलंय, तेही वाचून ठेवा, दोन्ही बाजूंनी कामाला येतं.

मराठीत लिहिणार असाल तर शब्द जपून. 'खरचटणे', 'मुकामार', 'कापलेली जखम', 'फाटलेली जखम', 'भोसकल्याची जखम' या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि हत्यार कसलं होतं याचा अंदाज त्यावरूनच बांधतात. सगळ्याला 'गंभीर दुखापत' लिहून मोकळं होऊ नका, गंभीर दुखापत हा डॉक्टरचा नाही, कायद्याचा शब्द आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३२० होतं आता भारतीय न्याय संहितेचं ११६ आहे, आणि त्यातला वीस दिवसांचा कालावधी आता पंधरा दिवस झालाय. जुने नमुने कॉपी करताना हा आकडा हमखास चुकतो.

डॉक्टर पिंजऱ्यात उभा असताना

एक केस घ्या. फिर्यादीत म्हणतात डोक्यात कोयता मारला. दुखापतीच्या दाखल्यावर 'सीएलडब्ल्यू' लिहिलंय, म्हणजे चेचून फाटलेली जखम, हत्यार कठीण व बोथट. आरोपीचे वकील असाल तर उड्या माराल, कोयत्याने कापलेली जखम व्हायला हवी ना. पण जरा वाचलंत तर कळेल की डोक्यावर कातडीखाली लगेच हाड असल्यामुळे काठीच्या मारानेसुद्धा जखमेच्या कडा सरळ दिसतात, सुरीने कापल्यासारख्या. म्हणजे डोक्यावरची जखम नुसती डोळ्याने बघून फसायला होतं, भिंगाने बघितलं तर आत दोन्ही कडांना जोडणारे तंतू शिल्लक असतात, केसांची मुळं चेपलेली असतात, ते असेल तर बोथट. आता तुमचे प्रश्न आपोआप तयार झाले: डॉक्टर, जखम भिंगाने तपासली का? आतले तंतू बघितले का? केसांबद्दल नोंद केली का? कोयत्याच्या उलट्या बाजूने अशी जखम होऊ शकते का? हा शेवटचा मात्र तुम्ही आरोपीचे वकील असाल तर चुकूनही विचारू नका, तो सरकारी वकिलासाठी राहू दे.

आणि आता मुद्द्याचं. पुस्तकातला किंवा लेखातला उतारा तुम्हाला डॉक्टरविरुद्ध वापरायचा असेल तर तो डॉक्टर पिंजऱ्यात असतानाच त्याला दाखवा, वाचून दाखवा, मान्य आहे का विचारा. नंतर युक्तिवादात खिशातून काढलात तर उपयोग नाही. सुप्रीम कोर्टाने भगवानदास विरुद्ध राजस्थान राज्य (१९५७) मधे हेच सांगितलंय, आणि महाराष्ट्रातलंच हवं असेल तर गंभीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८२), तिथे हायकोर्टाने तज्ज्ञाच्या मताच्या जागी आपलंच मत बसवलं म्हणून सुप्रीम कोर्टाने चूक दाखवली. जे न्यायमूर्तींना करता येत नाही ते आपण मोबाईल हातात घेऊन कसं करणार. नवीन साक्ष अधिनियमात तज्ज्ञाचं मत कलम ३९ मधे आहे, आणि शास्त्राच्या बाबतीत कोर्टाला योग्य ग्रंथांची मदत घेता येते ते कलम ५२ मधे, दोन्ही वाचून ठेवा.

माझ्यावर हे स्वतः बेतलंय. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी एका आरोग्यविषयक साइटचं प्रिंट थेट लेखी युक्तिवादाला जोडलं. न्यायाधीश साहेबांनी ते उलटं सुलटं करून बघितलं आणि विचारलं, वकीलसाहेब हे लिहिलंय कोणी? मी खाली बघितलं तर लेखकाच्या जागी 'टीम' लिहिलेलं आणि शेजारी वजन कमी करायच्या चहाची जाहिरात. कोर्ट हॉलमधे जे हसू पिकलं ते विसरत नाही.

ग्राहक आयोग आणि डॉक्टरविरुद्धच्या केसेस

इथे जरा मोकळीक आहे. १९९५ च्या शांथा निकालापासून डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि आयोगापुढे दोन्ही बाजू मेडिकल साहित्य जोडतातच. प्रत्येक केसला तज्ज्ञ लागतोच असं नाही हे व्ही. किशन राव (२०१०) मधे सांगितलंय, तिथे मलेरियाच्या बाईला टायफॉइडचा उपचार दिला गेला होता. पण यातून 'तज्ज्ञ नको' असं शिकू नका, चूक उघड दिसत असेल तिथेच हे चालतं. फौजदारी करायची असेल तर जेकब मॅथ्यू (२००५) आहे, दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं विश्वासार्ह मत नसेल तर खाजगी फिर्याद पुढे सरकत नाही, तिथे पबमेडची शंभर पानं एका डॉक्टरची बरोबरी करत नाहीत. क्लायंट रागात असतो, त्याला हे पहिल्याच भेटीत सांगा.

चॅटबॉटचं काय

सगळे वापरतात, खोटं कशाला बोलू. डिस्चार्ज कार्डावरचा शब्द समजून घ्यायला ठीक आहे. पण लेखाचं नाव, मासिक, वर्ष त्याने दिलं की पबमेडवर शोधायचंच, कारण तो अस्तित्वात नसलेले लेख आणि निकाल अगदी आत्मविश्वासाने सांगतो. न्यूयॉर्कमधे २०२३ साली मॅटा विरुद्ध एव्हियांका या केसमधे, विमानातली ट्रॉली गुडघ्याला लागली एवढीच तक्रार होती, वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले बनावट निकाल दाखल केले आणि कोर्टाने ५००० डॉलरचा दंड केला.

आणि क्लायंटचे कागद नावासकट तिथे अपलोड करू नका. अशिलाची गोष्ट गुप्त ठेवायची जबाबदारी आपली आहे (साक्ष अधिनियम कलम १३२), त्यात एचआयव्ही, मानसिक आजार, लैंगिक अत्याचाराची केस असेल तर नाव गाव जाऊच देऊ नका, ना चॅटबॉटला, ना ग्रुपवर 'कोणाला हे अक्षर लागतंय का' म्हणून टाकलेल्या फोटोत. हा शेवटचा प्रकार मी दर आठवड्याला बघतो.

फाईल लावताना

लेख वापरायचा ठरला तर पूर्ण प्रिंट काढा, फक्त सोयीची दोन पानं नाही. वर पीएमआयडी, मासिक, वर्ष, आणि कोणत्या तारखेला उतरवलं ते हाताने लिहा. कामाच्या ओळीला समासात पेन्सिलची रेघ, हायलायटर नको, झेरॉक्सला काळा पट्टा येतो. साइटचं पान पुरावा म्हणून निशाणी पाडून घ्यायचं असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे आता दोन भाग आहेत, एक आपल्या बाजूने आणि एक तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश व्हॅल्यूही (त्या फाईलची कॉम्प्युटरने काढलेली ओळख) लिहावी लागते, तर ती तयारी पुरावा बंदची पुरसीस (आमचा पुरावा संपला असं कोर्टाला लेखी कळवणं) द्यायच्या आधी करा, नंतर पळापळ होते.

सगळं झालं की एकदा खऱ्या डॉक्टरला भेटा. ओळखीचा कोणीही चालतो, फी द्या, फुकट सल्ला फुकटच असतो. ओपीडी संपल्यावर जा, टाचण एका पानाचं न्या, लेख दोनच न्या, आणि 'हे बरोबर आहे ना' असं विचारू नका, डॉक्टरही माणूस आहे, हो म्हणून टाकतो. 'यात काय चुकतंय' असं विचारा आणि मग वही उघडून गप्प बसा.